पिस्टन पुसण्याआधी वाचावा

टू-स्ट्रोक इंजिन जाम होण्याआधी इशारा देते, पण तो इतका क्षणिक असतो की तो इशारा होता हे बहुधा नंतरच उमगते. माझ्या जुन्या, हवेने थंड होणाऱ्या २०० सीसीच्या क्वाडवर, म्हणजे खडबडीत वाटांवर चालवायच्या चारचाकी मोटरसायकलवर, एक लांब चढ चढत असताना थ्रॉटल पूर्ण उघडा होता आणि इंजिनाचा आवाज एकाएकी कोरडा, चढा झाला. त्यानंतर कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ताकद उतरू लागली, आणि अशा वेळी जे करू नये तेच मी केले, म्हणजे थ्रॉटल तसाच आवळून धरला. दोनेक सेकंदांत मागची दोन्ही चाके खडीवरून घासत थांबली. क्लच दाबला, गाडी थोडी पुढे सरकली, आणि मग निवत चाललेल्या धातूच्या टिकटिकीखेरीज कसलाही आवाज राहिला नाही.

या इंजिनाच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडत होते. पहिल्या वेळी मी हेड उघडले, पिस्टनवर ओरखडे पाहिले, "ऑईल कमी पडले असणार" असे स्वतःलाच सांगितले, सिलिंडर आतून घासून हलके होनिंग केले, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या, पेट्रोलमधले ऑईलचे प्रमाण वाढवले आणि विषय संपला असे मानले. तो नवा पिस्टन जेमतेम अकरा तास चालला. चूक हातांची नव्हती, विचारांची होती. "इंजिन सीज झाले" हे निदान नव्हे. "ताप आला" म्हणण्याइतकीच ती माहिती आहे. ताप कशाने आला हे न शोधता मी फक्त अंथरूण बदलले होते. म्हणून दुसऱ्या वेळी पाना हाती घेण्याआधी ठरवले की जोवर कारण सापडत नाही आणि ते डोळ्यांनी दिसत नाही, तोवर एकही नवा भाग विकत घ्यायचा नाही.

पहिला नियम असा की जाम झालेल्या इंजिनाला किक मारू नये. हा मोह मोठा असतो, कारण अर्ध्या तासाने इंजिन थंड झाले की पुष्कळदा किक फिरू लागते आणि इंजिन चालूही होते. अॅल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर लोखंडी स्लीव्हपेक्षा (सिलिंडरच्या आतल्या अस्तरापेक्षा) जास्त फुगतो आणि थंड झाल्यावर तितकाच आकसतो, त्यामुळे पकड आपोआप सुटते. जाणकार याला हलके सीज होणे म्हणतात, आणि माझ्या मते पूर्ण जाम होण्यापेक्षा हेच अधिक घातक आहे, कारण गाडी चालू झाल्यामुळे माणूस गाफील राहतो. आत मात्र पिस्टनचे अॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासले गेलेले असते, रिंग तिच्या खाचेत दबून बसलेली असते, आणि पुढची प्रत्येक फेरी त्या डागावर नवा थर चढवत असते. शिवाय प्रत्येक किकेबरोबर पिस्टनवरच्या खुणा घासल्या जातात, आणि निदानाच्या दृष्टीने त्या खुणांइतके मोलाचे दुसरे काहीच हाती नसते.

दुसरी गोष्ट, जाम झाले आहे ते खरोखर इंजिनच आहे का, हे आधी पाहावे. क्वाडच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. बहुतेक स्पोर्ट क्वाडना मागे अखंड अॅक्सल असतो आणि चेनने तो फिरतो. चिखल व खडी अडकून चेन स्प्रॉकेटवर चढली किंवा मागचा ब्रेक चिकटला, तरी दोन्ही चाके एकदम धरली जातात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलून पाहिली की हा संशय मिनिटभरात मिटतो. माझी गाडी न्यूट्रलमध्ये सहज ढकलली जात होती. त्यानंतर स्पार्क प्लग काढून मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या फ्लायव्हीलच्या, बाजूचे कव्हर उघडले आणि फ्लायव्हीलच्या नटवर सॉकेट लावून तो आवळण्याच्या दिशेने, म्हणजे नट सुटणार नाही अशा बेताने, हलकेच दाबून पाहिले. फ्लायव्हील फिरते पण किक फिरत नाही, असे असते तर दोष किकच्या गिअरमध्ये किंवा क्लचच्या बाजूला असता आणि सिलिंडर उघडण्याची गरजच पडली नसती. प्लग काढताक्षणी अडथळा नाहीसा होऊन भोकातून पाणी उडाले असते, तर ओढा ओलांडताना हवेच्या मार्गाने पाणी आत शिरले, एवढाच अर्थ निघाला असता. अडकण्याची जातही हाताला कळते. ठरावीक जागी खटकन थांबणारे इंजिन बहुधा आत काहीतरी तुटून मध्ये आल्याचे सांगते, आणि कोठेच न हलणारे इंजिन पिस्टनने सिलिंडर धरल्याचे किंवा खालचे बेअरिंग गेल्याचे. माझे कोठेच हलत नव्हते.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन गंजाने धरते ते प्रकरण निराळे आहे. तिथे प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे तेल ओतून दिवस-दोन दिवस धीर धरावा, आणि मग फ्लायव्हील मागे-पुढे हलवत, घाई न करता सोडवावे. काही जण त्या भोकातून ग्रीसगनने ग्रीस भरून दाबाने पिस्टन खाली ढकलतात. ही युक्ती चालते, पण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन एक्झॉस्ट पोर्टच्या (जळका वायू बाहेर जाण्याच्या भोकाच्या) वर अडकलेला असेल तरच, नाहीतर सारे ग्रीस सायलेन्सरमध्ये जाऊन बसते. पिस्टनच्या माथ्यावर लोखंडी हातोड्याने ठोकू नये, हे मुद्दाम सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

आता प्लग. माझ्या प्लगचे चिनीमातीचे टोक जवळजवळ पांढरे होते, आणि भिंगाखाली धरल्यावर त्यावर राखाडी, चमकदार ठिपके दिसले, रव्याच्या कणापेक्षाही बारीक. हे ठिपके म्हणजे पिस्टनचे वितळून उडालेले अॅल्युमिनियम. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते आणि पिस्टनची मिश्रधातू त्याहून काहीशा कमी तापमानाला मऊ पडू लागते, त्यामुळे असे ठिपके दिसले की उष्णता कोठवर गेली होती याचा अंदाज येतो. पांढरे टोक हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाल्याचे सुचवते. प्लगची उष्णता-श्रेणी चुकली असली तरी टोक पांढरे पडू शकते, म्हणून क्रमांकही तपासला; एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि माझ्या प्लगवर निर्मात्याने सांगितलेलाच ८ हा आकडा होता. संशयितांच्या यादीतून एक नाव कमी झाले.

इथपर्यंत पहिल्या वेळीही मी आलो होतो. यापुढची पायरी तेव्हा गाळली होती, आणि खरी चूक तीच. टू-स्ट्रोक इंजिन कोठून हवा ओढते आहे का, हे पाहण्यासाठी दाबाची चाचणी करतात, आणि ती इंजिन उघडण्याआधी करावी लागते. एकदा हेड आणि सिलिंडर काढले की जुनी पॅकिंगे फाटतात, सांधे मोकळे होतात, आणि गळती त्यांच्यातून होती की आणखी कोठून, हे सांगणारा पुरावाच उरत नाही. इंजिन जाम असले तरी ही चाचणी करता येते, कारण त्यासाठी काहीच फिरवावे लागत नाही.

चाचणीचे साहित्य साधे आहे. एक्झॉस्ट पोर्टवर रबराचा जाड तुकडा आणि त्यावर पत्र्याची पट्टी लावून तो घट्ट बंद केला. कार्ब्युरेटर काढला, पण त्यामागचा रबरी जोड जागेवरच राहू दिला, कारण तोही संशयितच होता. त्या जोडात एक बूच बसवून त्यातून नळी काढली, आणि नळीला रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि तबकडी जोडली. ही निवड हौसेची नाही. जाणकार या चाचणीसाठी सुमारे ६ पीएसआय, म्हणजे ०.४ बार, दाब सुचवतात. रक्तदाबाच्या तबकडीवरचा शेवटचा आकडा ३०० मिलिमीटर पारा असतो, आणि ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ नेमका ०.४ बार. कॉम्प्रेसरने हवा भरावी तर एका झटक्यात दाब वाढून चांगले ऑईल सील (फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी) बाहेर फेकले जाण्याची भीती. हाताच्या फुग्याने ती चूक करणे अवघड आहे. सर्वसाधारण संकेत असा की सहा मिनिटे दाब टिकावा, आणि घट झालीच तर मिनिटाला १ पीएसआय, म्हणजे तबकडीवर सुमारे ५० मिलिमीटर, यापेक्षा जास्त नसावी.

मी फुगा दाबत काटा ३०० वर नेला, व्हॉल्व्ह बंद केला, आणि घड्याळाकडे पाहीपर्यंत काटा २४० वर आला होता. मिनिट पुरे व्हायच्या आत तो १५० च्या खाली गेला. साबणाचे पाणी ब्रशने आधी कार्ब्युरेटरच्या रबरी जोडावर फिरवले, मग सिलिंडरच्या खालच्या पॅकिंगवर, मग हेडच्या कडेने, मग एक्झॉस्टवर मीच लावलेल्या रबरावर, कारण स्वतःच्या हातच्या कामावर संशय घेणे हाही चाचणीचाच भाग आहे. कोठेही बुडबुडा नाही. पण कान जवळ नेल्यावर फ्लायव्हीलच्या मागून बारीक, न थांबणारी फुसफुस ऐकू येत होती.

फ्लायव्हील काढायला पुलर लागतो; दोन पेचकसांनी उचकटून ते काढणारे आहेत आणि त्यांची वाकडी झालेली फ्लायव्हीलेही मी पाहिली आहेत. जाम इंजिनाच्याच भरवशावर नट सोडवण्याचा मोह टाळून फ्लायव्हील पट्ट्याने धरले, नट काढला आणि पुलर लावला. मागे क्रँकचा दांडा क्रँककेसमधून बाहेर येतो तिथे नाण्याएवढे ऑईल सील होते. पुन्हा दाब दिला, साबणाचे पाणी लावले, आणि घड्याळातल्या साधारण चारच्या जागी सीलच्या ओठावर बारीक बुडबुड्यांची माळ उठू लागली. सील काढून ओठ नखाने दाबला तर तो दबलाच नाही. रबर राहिले नव्हते, कडक प्लॅस्टिकसारखे काहीतरी झाले होते आणि त्या जागी केसाएवढी चीर होती.

एवढीशी चीर पिस्टन कशी मारते हे समजून घ्यायला हवे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस ही नुसती पेटी नसते, तो पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी निर्माण होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, ऑईल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर जाते. सीलला चीर असेल तर त्या पोकळीत बाहेरची हवाही शिरते, आणि ती हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसल्यामुळे तिच्याबरोबर पेट्रोल नसते आणि ऑईलही नसते. दुहेरी नुकसान होते. पेट्रोल कमी झाले की जळणाचे तापमान चढते आणि बाष्प होताना पेट्रोल पिस्टनला जो गारवा देते तोही घटतो. त्याच वेळी तापलेल्या पिस्टनच्या वाट्याला ऑईलही कमी येते. इंजिन तापले की क्रँकच्या दांड्याभोवतीची फट बदलते आणि कडक झालेला ओठ तिच्याशी जुळवून घेऊ शकत नाही. बहुधा म्हणूनच थंड इंजिनात लपलेली गळती चढावर उघडी पडते.

आणि इशारा होता. कित्येक आठवडे ही गाडी थ्रॉटल सोडल्यावर लगेच शांत होत नव्हती. आवाज काही क्षण वरच रेंगाळायचा आणि मग खाली यायचा. मी दर वेळी आयडलचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून समाधान मानत होतो. मॅग्नेटच्या बाजूचे सील हवा ओढू लागले की नेमके असेच होते. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले तर चित्र वेगळे असते: तिथे इंजिन हवेऐवजी गिअरचे तेल ओढते, सायलेन्सरमधून दाट पांढुरका-निळा धूर येतो आणि गिअरबॉक्सचे तेल कोठेही न सांडता कमी होत जाते. दोन सिलिंडरच्या इंजिनात, उदाहरणार्थ यामाहाच्या बँशीत, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आणि क्रँककेसचा स्वतंत्र कप्पा असतो, त्यामुळे कोणत्या बाजूचा पिस्टन गेला एवढ्यावरूनच शोध अर्धा होतो.

रबराच्या वयाचा मुद्दा टू-स्ट्रोक क्वाडच्या बाबतीत विशेष लागू पडतो. होंडाची टीआरएक्स २५० आर १९८६ ते १९८९ या काळातली, सुझुकीची एलटी ५०० आर १९८७ ते १९९० मधली; यामाहाच्या बँशी आणि ब्लास्टर अमेरिकेच्या बाजारात सर्वांत जास्त टिकल्या, तरी त्याही २००६ नंतर थांबल्या. म्हणजे आज चालणारी यातली कोणतीही गाडी घेतली तरी, कोणी इंजिन खालपर्यंत उघडून बांधले नसेल, तर तिच्यातली सील गाडीच्याच वयाची असतात. पिस्टन तीनदा बदलले गेलेले आणि सील मूळचीच, अशी इंजिने दुर्मीळ नाहीत.

कारण सापडले होते, तरी हेड उघडून पिस्टनकडून ते वदवून घेणे बाकी होते. सिलिंडर लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत, दोन्ही बाजूंनी समान उचलत काढला. खाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले, आणि पिस्टनला फडके न लावता त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे घेतली. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण बहुतेक इंजिनांत एक्झॉस्टकडे असतो. ती दिशा धरूनच सगळे वाचन करायचे. माझ्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला, रिंगांपासून खाली स्कर्टपर्यंत, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीपर्यंत, दोन बोटे रुंद असा राखाडी, फासल्यासारखा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात वरची रिंग खाचेत पूर्ण दबून गेली होती. उरलेल्या तिन्ही बाजू मात्र जवळजवळ नव्या होत्या. यंत्रावर कातलेल्या आडव्या बारीक रेषासुद्धा शाबूत होत्या. पिस्टन उलटा करून पाहिला तर माथ्याच्या आतल्या बाजूला ऑईल जळून काळा डाग पडला होता, आणि तोही मध्याऐवजी एक्झॉस्टकडे सरकलेला.

मग पहिल्या वेळचा पिस्टन डब्यातून शोधून काढला. तो मी तेव्हा स्वच्छ पुसून, वर बारीक पॉलिश पेपर फिरवून ठेवला होता, पण तेवढे करूनही पट्टा त्याच जागी आणि तसाच दिसत होता. त्याला मी ऑईलची कमतरता म्हणालो होतो. ऑईल खरोखरच संपले असते तर ओरखडे एका बाजूला न राहता एक्झॉस्ट आणि इनटेक अशा दोन्ही बाजूंच्या स्कर्टवर आले असते, आणि पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिन व तिचे सुयांचे बेअरिंग तापून निळसर पडले असते. माझी पिन चकचकीत होती. ती पाहायला दहा सेकंद लागली असती.

याहून वेगळा आणि तितकाच बोलका नमुना म्हणजे चार कोपऱ्यांचे ओरखडे, म्हणजे गजन पिनेच्या दोन्ही टोकांच्या आजूबाजूला, पिस्टनच्या परिघावर चार जागी उठलेल्या उभ्या खुणा. पिनेभोवती पिस्टनमध्ये धातू जास्त असतो, त्यामुळे फुगण्याचा जोर तिथे अधिक. ६६ मिलिमीटर व्यासाचा अॅल्युमिनियमचा पिस्टन दर १०० अंशांना साधारण ०.१३ मिलिमीटर वाढतो, आणि त्याच व्यासाची लोखंडी स्लीव्ह तेवढ्याच तापमानवाढीत ०.०७ मिलिमीटर. पिस्टन आणि भिंत यांत ठेवलेली जागा कित्येक इंजिनांत मुळात ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरच असते, म्हणून पिस्टन वर निमुळता आणि किंचित लंबवर्तुळाकार कातलेला असतो. थंड इंजिन चालू करून लगेच थ्रॉटल पिळला की पिस्टन सेकंदांत तापतो, सिलिंडर मात्र मागे राहतो, आणि मधली जागा संपते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हे विशेष घडते, कारण बाहेरून थंड पाण्याने वेढलेली भिंत फुगायला तयार नसते. बोअर करताना, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करताना, जागा कमी ठेवली गेली तरी खुणा याच उठतात. तेव्हा इंजिन बांधल्यावर पहिल्या तासाभरात चार कोपऱ्यांचे ओरखडे आले, तर कार्ब्युरेटरमागे धावण्याऐवजी मायक्रोमीटर हाती घ्यावा.

उरलेले नमुने थोडक्यात सांगतो. इनटेकच्या बाजूच्या स्कर्टवर बारीक, निस्तेज, उभ्या रेषा आणि स्कर्ट झिजून पातळ झालेला, म्हणजे धूळ. एअर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा त्याच्या कडेला ग्रीस लावलेले नाही. माथ्याची कड वाळूच्या माऱ्याने खरवडल्यासारखी, म्हणजे डिटोनेशन, मिश्रण एकदम फुटल्यासारखे जळणे. माथ्याच्या मधोमध वितळून पडलेले भोक, म्हणजे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटत होते. एकच खोल, उभी चर आणि बाकी सारे स्वच्छ, तर गजन पिनेला जागेवर धरणारी सर्क्लिप सुटली किंवा रिंगेचे टोक पोर्टमध्ये अडकले.

एक्झॉस्टच्या बाजूचा पट्टा दिसला म्हणजे दर वेळी सीलच दोषी असते असे मात्र नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडण्याचे मार्ग अनेक आहेत: टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजणे, पेट्रोल कॉकची जाळी तुंबणे, कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या मेन जेटमध्ये कचरा, एअरबॉक्सचे झाकण काढून टाकणे, सायलेन्सर बदलून जेट तोच ठेवणे. थंड हवा दाट असते, त्यामुळे उन्हाळ्यात नेमका बसवलेला जेट कडक थंडीच्या सकाळी कमी पडू शकतो. उतारावरही धोका असतो: गिअरमध्ये गाडी वेगाने उतरते, इंजिनाचे फेरे जास्त असतात आणि थ्रॉटल बंद असतो, म्हणजे पेट्रोल नाही आणि पेट्रोलमध्येच मिसळलेले ऑईलही नाही. अशा उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून बंद करण्याची सवय त्यासाठीच असते.

आणि माझा "उपाय". या गाडीचा ऑईल पंप आधीच्या मालकाने काढून टाकला होता, त्यामुळे मी टाकीत मिश्रण करूनच ओततो. पहिल्या वेळेनंतर मी ४० ला १ हे प्रमाण सोडून २५ ला १ धरले, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २५० मिलिलिटरऐवजी ४०० मिलिलिटर ऑईल. जेटचे छिद्र तेवढेच असताना त्यातून जाणाऱ्या द्रवात ऑईल वाढले म्हणजे पेट्रोलचा वाटा घटला. फरक दीडेक टक्क्याचा, म्हणजे लहान, पण चुकीच्या दिशेने. पेट्रोलच्या भुकेने मेलेल्या इंजिनाला मी आणखी थोडे उपाशी ठेवले होते.

सिलिंडरवर जे ओरखडे दिसतात ते सगळे ओरखडे नसतात. पुष्कळसे भिंतीला चिकटलेले अॅल्युमिनियम असते. ते हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने, हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर, फक्त डागावर फिरवून काढता येते. आम्ल अॅल्युमिनियमशी फेसाळत असते, आणि फेस थांबला की लगेच पाण्याने धुऊन तेल लावायचे. पोर्टच्या आतल्या अॅल्युमिनियमला मात्र ते लागू द्यायचे नाही. सिलिंडरला लोखंडी स्लीव्हऐवजी निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) लेप असेल तर अधिकच जपावे, कारण लेप उडालेल्या जागी खालचे अॅल्युमिनियमच खाल्ले जाते, आणि असा सिलिंडर नेहमीसारखा बोअर करता येत नाही, त्यावर नव्याने लेप चढवावा लागतो. माझी स्लीव्ह लोखंडी होती. डाग निघाल्यावर एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला दोन चरे उरले आणि ते नखाला अडकत होते, म्हणून बोअर करणे भाग पडले. नवा मोठा पिस्टन आधी आणला, तो मोजूनच बोअर करून घेतले, आणि पोर्टच्या कडा पुन्हा किंचित गोलसर करून घेतल्या. बोअर केल्यावर त्या धारदार होतात आणि तशाच ठेवल्या तर रिंगेला पकडतात.

क्रँककेसमध्ये अॅल्युमिनियमचे कण उतरलेले असतात, तेव्हा तो धुतल्याशिवाय वरचे काहीही बांधू नये. कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढून पाहिला. डावी-उजवीकडे तो थोडा सरकतो आणि तसे सरकणे अपेक्षितच असते, पण वर-खाली जराही खटका लागला तर क्रँक बाहेर काढणे अटळ. माझा खटकला नाही. दोन्ही बाजूंची सील बदलली, गिअरबॉक्सच्या बाजूचे अजून चांगले होते तरीही. बसवण्याआधी क्रँकच्या दांड्यावरून नख फिरवून जुन्या ओठाने चर पाडलेली नाही ना, हे पाहिले, आणि नव्या ओठाला ग्रीस लावले.

इंजिन बांधून झाल्यावर कार्ब्युरेटर लगेच लावला नाही. एक्झॉस्टवर पुन्हा तेच रबर, जोडात तेच बूच. फुगा दाबून काटा ३०० वर नेला आणि या वेळी घड्याळ आधीच समोर ठेवले. मिनिटभराने काटा जागच्या जागी होता. सहा मिनिटांनी तो २९० वर होता. मी साबणाचे पाणी फ्लायव्हीलच्या बाजूला एकदा फिरवून पाहिले, बुडबुडा उठला नाही, आणि तरीही आणखी सहा मिनिटे काट्याकडे बघत बसलो.